दहावं बोट

चेंडू कुणीही टाको, ते बास्केटकडे पाहत नसत. टाकणाऱ्याच्या पायांकडे पाहत. चेंडू अजून हवेत असायचा आणि यांचा निकाल देऊन झालेला असायचा. "गेला," म्हणायचे, किंवा नुसतंच, "फिरून." फिरून म्हणजे पुन्हा टाक. त्यात राग नसायचा आणि शिकवणंही नसायचं. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतल्या सिमेंटच्या मैदानावर हा एक शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे, की वाचताना ओळ हुकली तर अजूनही माझ्या कानात तोच येतो.

गावात त्यांना सगळे कप्तान म्हणत. मीही तेच म्हणेन. मूळचे ताडकळसचे. खेळाडू म्हणून रेल्वेत भरती झाले, तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले. उंची अशी, की ताडकळसच्या बाजारात बायका एकमेकींना सांगत, "सांजच्याला त्या लांब बाबापाशी थांब गं." कप्तान भाजी घेऊन निघाले तर दोन-तीन कुटुंबांची चुकामूक व्हायची. म्हणून ते बिचारे पिशवी भरली तरी तिथंच उभे राहत. "जाऊ कसं गुरुजी? ती झरीची बाई अजून यायचीच हाय."

मी इथल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. अंगात खेळ नाही. पण अक्षर बरं, म्हणून तरुणपणी कुणीतरी मला सामन्याच्या टेबलावर बसवलं आणि मी बत्तीस वर्षं तिथंच राहिलो. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. सगळे मैदानाकडे पाहत असतात आणि हा कागदाकडे. कुणी किती गुण केले, कुणाचे किती फाऊल झाले, हे लिहिणं माझं काम. शिट्टी वाजली की पंच टेबलासमोर येऊन बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतात. आपण त्या नंबरापुढे खूण करायची आणि त्या खेळाडूचे आतापर्यंत किती फाऊल झाले तो आकडा पुठ्ठ्याच्या पाटीवर वर धरायचा. पाचची पाटी वर गेली की खेळाडू बाहेर.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. परभणीला सामना होता. कप्तानांनी मैदानाच्या मध्यापासून असा एक चेंडू टाकला, की मी उभा राहून बघतच राहिलो. लिहायचं राहून गेलं. आम्ही एका गुणानं हरलो. पोरं टेबलावर धावून आली. कप्तानांनी सगळ्यांना मागं ढकललं. "टेबलानं लिहिलं न्हाई म्हणजे पडलाच न्हाई. चला, गाडी जाईल." परतताना फलाटावर माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी कप तसाच हातात धरून बसलो. ते हसून म्हणाले, "तुमी वर बघत बसलाव व्हय? फुडच्या टायमाला खाली बघा."

मी ते फारच मनावर घेतलं. त्यानंतर मी वर पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. कप्तानांचे सगळे मोठे सामने माझ्या समोर झाले, आणि मी त्यांचा अर्धा-अर्धा खेळ पाहिला. चेंडू हातातून सुटताना दिसायचा, जाळीतून उतरताना मी लिहीत असायचो. लोक त्यांच्या खेळाच्या गोष्टी रंगवून सांगायचे तेव्हा मी गप्प असायचो, कारण मला आकडे माहीत होते आणि खेळ माहीत नव्हता.

बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी खेळणं सोडलं. डावा गुडघा. मग मैदानाच्या कडेला उभं राहून लोकांच्या पायांकडे पाहणं सुरू झालं.

दर हिवाळ्यात पूर्णा आणि परभणी यांच्यात पन्नाशीपुढच्यांचा सामना होतो. पोट सुटलेले, केस रंगवलेले गडी तासभर धापा टाकतात आणि नंतर भजी खातात. आम्ही सलग चार वर्षं हरलो होतो. तेव्हा स्टेशनसमोरच्या हॉटेलात कुणीतरी विषय काढला, की कप्तानांनी उतरावं. ते तेव्हा एकसष्ट वर्षांचे. हॉटेलात रोज दोन तट पडू लागले. सिद्धार्थ, आमच्या संघाचा दहा नंबरचा खेळाडू आणि रेल्वेत वायरमन, साफ विरोधात. "नाव हाय ते राहू द्या की. कशाला उघडं पाडायलाव माणसाला?" दुसरे म्हणत, नुसते उभे राहिले तरी परभणीवाले घाबरतील. कप्तान बशीत चहा ओतत राहत. "बघू की," एवढंच.

मी सहसा अशा गप्पांत बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "कप्तान, एकदा उतरा. ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना पाहू द्या." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गुरुजी बोलले म्हणजे विचार करून बोलले असतील, असं लोकांना वाटतं. मी विचार वगैरे काही केला नव्हता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांत पहिला मीच होतो, इतकंच.

दोन दिवसांनी कप्तान दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात आले. पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये ते कधी येत नसत; तिथं त्यांना चोरासारखं वाटायचं. स्टुलावर बसले, तरी उभ्या माझ्याएवढे दिसत होते.

"उतरतो म्हणलं मी," ते म्हणाले. "पण डॉक्टर म्हणायलाय, धा मिंट पळा, वळू नका, उडी तर न्हाईच. हिनं तर डोस्कंच खाल्लं. मग हिला एक सांगितलं, ते तुमाला सांगतो. पाच फाऊल करतो अन् बाहेर येतो."

मला नीट कळलं नाही.

"असं बघा. मी आपणहून खुर्चीवर बसलो तर लोक म्हणतील, म्हातारा थकला. पाच फाऊल होऊन निघालो तर म्हणतील, लढून निघाला. इज्जत बी राहते, पाय बी राहतो. फाऊल करायला काय, हात धरायचा एकेकाचा."

"तसं कशाला? दम लागला की सांगा, बदली खेळाडू आहेच."

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "एकदा आत गेलो की मी बसतो म्हणणार न्हाई, गुरुजी. तेवढी ताकद न्हाई माझ्यात. म्हणून तुमच्याकडं आलो. तुमी तेवढं मोजत ऱ्हावा." आणि मग जाता जाता, "हिनं तुमच्या भरवशावर हो म्हणलंय."

सामन्याच्या संध्याकाळी मैदानाच्या चारी बाजूंना माणूस. कडुनिंबाच्या फांद्यांवर, क्वार्टरच्या गच्च्यांवर, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. वहिनी, म्हणजे कप्तानांच्या पत्नी, माझ्या टेबलामागेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. नऊ नंबरचा जुना बनियन घालून कप्तान आत आले तेव्हा परभणीच्या संघानंही टाळ्या वाजवल्या.

पुढचा अर्धा तास निव्वळ गंमत होती. आयुष्यभर या माणसानं फाऊल टाळलेले; आता करायला जमेना. समोरच्याचा हात धरायचे तर तो हसून हात मिळवायचा. एकाला तर त्यांनी कमरेला धरून थांबवलं, तरी पंचांनी आदरानं मान वळवली. शेवटी कप्तान पंचांवरच चिडले. "अहो, वाजवा की शिट्टी! दिसंना का तुमाला?" लोक पोट धरून हसले. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक तरी झाला का हो?" मी पाटी दाखवली. एक. मध्यंतरापर्यंत दोन.

मध्यंतरानंतर मात्र काहीतरी बदललं. त्यांनी एक चेंडू टाकला. मग दुसरा. पळत नव्हतेच, नुसते योग्य जागी उभे असायचे, आणि चेंडू आपण होऊन त्यांच्याकडे यायचा. तिसरा फाऊल झाला, चौथा झाला. चार गुणांनी मागे होतो, ते अंतर दोनवर आलं. मग त्यांनी उजव्या कोपऱ्यातून चेंडू सोडला आणि मी, बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा, लिहायचं सोडून वर पाहिलं. चेंडू हातातून निघाला, वर गेला, जाळीतून उतरला. सगळा पाहिला. मग खाली वाकून लिहिलं. बरोबरी.

लगेच पुढच्या खेळीत बास्केटखाली गर्दी झाली. कप्तान आणि सिद्धार्थ दोघं मिळून परभणीच्या एका गड्याला भिडले. शिट्टी वाजली. पंच टेबलासमोर आले आणि त्यांनी बोटं दाखवली. एका हाताची पाच. दुसऱ्याची चार; अंगठा तळव्याला दुमडलेला. नऊ. नऊ नंबर, पाचवा फाऊल.

मला तो अंगठा स्पष्ट दिसला. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

मी दहा नंबरापुढे, म्हणजे सिद्धार्थपुढे, खूण केली आणि त्याचा दुसरा फाऊल म्हणून दोनची पाटी वर धरली. पंचांनी पाटीकडे पाहिलंही नाही. ते वळून गेले होते. सिद्धार्थ ओरडला, "गुरुजी, माझा न्हाई तो!" मी म्हणालो, "पंचांनी दाखवलं ते लिहिलं."

कप्तान तोवर बाकाकडे निघाले होते. दोन पावलं आलेही होते. बनियनचं टोक चड्डीतून बाहेर काढलं होतं. सिद्धार्थचा आवाज ऐकून थांबले. पाटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही; टेबलाला विचारायची त्यांची रीतच नव्हती. मी खाली कागदाकडे पाहिलं. ते परत फिरले.

मला अजून एक चेंडू पाहायचा होता. एवढंच कारण. दुसरं एखादं, जरा बरं कारण मी पुष्कळ शोधलं.

दीड-दोन मिनिटांनी ते बास्केटखाली उडाले. उडायचं नाही हे विसरले असतील, किंवा लोकांनी विसरायला लावलं. खाली आले ते डाव्या पायावर. आवाज टेबलापर्यंत आला. वहिनींची खुर्ची मागं पडली. सामना थांबला, जीप आली, आणि सगळे पांगल्यावर मी राहिलेले रकाने भरले, सही केली. माझं अक्षर जराही हललं नव्हतं. तो कागद मी नंतर एकदा काढून पाहिला. त्या दिवशीचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आहे.

नांदेडला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. पलंगाबाहेर आलेल्या पावलाखाली कुणीतरी एक स्टूल लावलं होतं. वहिनी मोसंबी सोलत होत्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून कप्तान म्हणाले, "गुरुजी, पाच झालते न्हवं?"

रस्ताभर मी हेच सांगायचं ठरवून आलो होतो. वहिनींचा हात सालीवर थांबला.

"चार," मी म्हणालो.

त्यांनी मानेखालची उशी सारखी केली. मग वहिनींकडे मान वळवून म्हणाले, "बघ, म्हणलं नव्हतं? माझंच मोजायचं चुकलं. खामखा भाऊजीवर डाऊट खायलीस."

वहिनींनी फोड त्यांच्या हातावर जवळजवळ आपटली. "आख्खी जिंदगी खेळात घातली, अन् पाचापर्यंत मोजता येईना तुमाला!"

तो त्या घरातला विनोदच होऊन बसला. पुढं दोन वर्षं कप्तान वॉकर घेऊन आणि मग काठीवर चालले. गोळ्या घेताना वहिनी म्हणायच्या, "मी मोजते, तुमाला येत न्हाई." पाहुण्यांना पोळ्या वाढताना, "यांना इचारू नका किती झाल्या." कप्तान मोठ्यानं हसायचे. पण मैदानाच्या कडेला आले की आता कुणाकुणाला विचारायचे, "किती झाले?" पूर्वी सामन्याचा प्रत्येक आकडा त्यांच्या डोक्यात असायचा. मी एकदा विचारलं, तुम्हाला कशाला विचारावं लागतं? तर म्हणाले, "आता आपल्या मोजण्याचा भरवसा न्हाई, गुरुजी." हसत नव्हते.

मी किती वेळा त्यांच्या घरी गेलो, सांगायचं म्हणून. चहा पिऊन परत आलो. गेल्या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. आठ दिवसांत सगळं संपलं. पायाचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं होतं.

तेरावं झाल्यावर आठवड्यानं मी वहिनींकडे गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. गॅसवर चहा ठेवून बाहेर येऊन बसल्या, आणि आपणहून त्यांच्याविषयी बोलू लागल्या. शेवटच्या दिवशी नर्सनं विचारलं, बाबा, ही किती बोटं? "तर म्हणतेत, हिला इचारा, मला मोजता येत न्हाई." सांगताना हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, पाच झाले होते."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. मी पुढं बोलत राहिलो, पंचांची बोटं, दहा नंबर, सगळं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"त्यांना सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगायलाव, भाऊजी?"

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी त्या माणसाला..." आणि तिथंच थांबल्या. मग म्हणाल्या, "जावा तुमी."

मी अंगणात येऊन चपला घातल्या. चहा उतू जाऊन जळल्याचा वास बाहेरपर्यंत आला. आत कुणी उठल्याचा आवाज आला नाही. मीही परत आत गेलो नाही.