खंदक सरांच्या अटी

आमच्या खंदक सरांना लढाई आवडत नसे, वेढा आवडे. मैदानातली लढाई संध्याकाळपर्यंत आटोपते, त्यात शिकवण्यासारखं आहे काय, असं ते तुच्छतेने म्हणत. तीन-चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली तटबंदीची शहरं, त्यांच्याभोवती वर्षानुवर्षं चिखलात बसलेल्या फौजा, आत घोडे खाऊन संपल्यावर उंदरांवर आलेली माणसं, हे त्यांचे खास विषय. ऑस्टेंडचा वेढा तीन वर्षं चालला, हे ते अशा थाटात सांगत की त्यांची सासुरवाडी तिथलीच असावी.

मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत ते इतिहास शिकवत आणि मी भूगोल. सर मूळचे मिरजेचे. फळ्यावर ते किल्ल्याचा तट काढत आणि त्याच्या दिशेने सरकणारे नागमोडी खंदक. खंदक सरळ खणला तर तटावरची तोफ एका गोळ्यात सगळी रांग उडवते, म्हणून तो वाकडा खणायचा, हे सांगताना त्यांचा हात खडूसकट वळत राही. पुस्तकात वेढ्यावर जेमतेम दोन ओळी आणि सरांचे त्यावर दोन आठवडे. "सर, हे एक्झामला येणार का?" असं कुणीतरी विचारायचंच. "नाही येणार. म्हणून तर निवांत ऐका," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. खंदक सर हे नाव मुलांनीच ठेवलं आणि स्टाफरूमने ते उचललं.

आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. कधी शुक्रवारी दोन्ही घरं मिळून मत्रहला जात असू. समोर समुद्र, वर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, आम्ही बायका सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, शिरायला उतावीळ, आणि हे गृहस्थ उन्हात उभे राहून विचारणार, "मॅडम, आत पाण्याचं टाकं किती मोठं असेल?" तोफा मोजणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "किल्ला तोफेने पडत नाही हो. आतल्या माणसाला कंटाळा येतो, तेव्हा पडतो."

घरातही तेच. तेव्हा भाजीचा मोठा बाजार अल मवालेहला होता. तिथून सर कांदे-बटाट्याची पोतीच आणत. तांदूळ, डाळी, पीठ, पाण्याचे कॅन, सगळं पलंगाखाली. "आमच्याकडे झोपायला जागा नाही, पण रसद आहे," असं वहिनी हसून सांगत. आम्ही यथेच्छ टिंगल केली. मग एका वर्षी चक्रीवादळ आलं, वादी म्हणतात त्या एरवी कोरड्या ओढ्यांना पूर आला, रस्ते तुटले, नळ बंद पडले. चार दिवस आमची अख्खी इमारत सरांच्या पलंगाखालचं जेवली. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच घरी जेवत होती. सर पळीने डाळ वाढताना इतके खुशीत होते की मला थोडा रागच आला.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बातमी फुटली, की अकरावी-बारावीचा आर्ट्स विभाग बंद होणार. मुलंच नव्हती. इतिहास आणि भूगोल मिळून एकच शिक्षक ठेवायचा, म्हणजे सर नाही तर मी. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं, त्यामुळे घर माझ्या पगारावर उभं होतं. आणि सरांची मुक्ता बारावीला होती, सायन्सला. मार्चमध्ये बोर्ड. बापाची नोकरी गेली की बापाचा व्हिसा जातो आणि त्यामागोमाग घरच्या सगळ्यांचा, हे इथे नव्याने आलेल्या माणसालाही माहीत असतं. सरांना मार्च संपेपर्यंत इथे राहायचं होतं. त्यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसून राहिला असता. सर वेढ्याच्या कायद्याने चालले. त्या काळी रीत अशी, की तटाला भगदाड पडायच्या आत किल्लेदाराने नगारा वाजवून बोलणी सुरू केली, तर त्याला मानाच्या अटी मिळत. शिबंदी निशाण घेऊन, वाजतगाजत बाहेर पडे. भगदाड पडल्यावर मात्र दयामाया नाही. सरांनी हे मला स्टाफरूममध्ये, डबा खाताना समजावलं आणि खिशातून कागद काढला. "मी आपण होऊन राजीनामा देतो. अट एकच, एकतीस मार्चला सोडा. आधीच दिला तर त्यांनाही बरं वाटेल. काय म्हणता?"

त्याच आठवड्यात मी माझं कॉन्ट्रॅक्ट काढून दोनदा वाचलं होतं. सत्र चालू असताना, म्हणजे मार्च संपेपर्यंत, शाळेला शिक्षक काढता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. शिक्षकाने स्वतः राजीनामा दिला, तर मात्र महिन्याभरात मोकळं करता येतं. सरांचं कॉन्ट्रॅक्ट अक्षर न् अक्षर तेच. दोनशे वर्षांच्या तहांची कलमं पाठ असलेल्या या माणसाने स्वतःचा करार कधी उघडून पाहिला नव्हता. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "छान लिहिलंय, सर."

प्रिन्सिपलनी राजीनामा तिसऱ्या दिवशी मंजूर केला. अटीचा उल्लेखसुद्धा नव्हता. सर ऑफिसात जाऊन भांडले, हात जोडून आले. "आपने खुद दिया है ना, सर," एवढंच त्यांना ऐकायला मिळालं. निरोपसमारंभ झाला नाही, कारण स्वतःहून सोडणाऱ्याला तो द्यायची पद्धत नाही, म्हणे. डिसेंबर संपायच्या आत व्हिसा रद्द झाला.

मुक्ताचं सेंटर मस्कतच होतं. ती व्हिजिट व्हिसावर परत येऊ शकली असती आणि तीन महिने आमच्याकडे राहिली असती. मला हे त्याच दिवशी सुचलं होतं. मी बोलले नाही. रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवायची माझी हिंमत नव्हती. आणि सर स्वतःहून मागतील, तर ते सर कसले. पोरीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मिरजेतून तिने परीक्षा दिली, पण मन उडालं होतं, मार्क पडले नाहीत. डॉक्टर व्हायचं होतं तिला. आता एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते.

इतिहास आता मीच शिकवते. पुस्तकातल्या दोन ओळी वाचून दाखवते आणि पुढे जाते.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज खोल गेलाय. मुलांची, नवऱ्याची चौकशी केली, मवालेहचा बाजार हलला हे ऐकून हळहळले. मग म्हणाले, "जुने कागद आवरत होतो, मॅडम. ते कॉन्ट्रॅक्ट सापडलं. त्यात एक कलम आहे, सत्राच्या मध्ये काढता येत नाही असं. तुम्हाला माहीत होतं का हो?"

"नाही, सर," मी म्हटलं.

"तेच मी हिला सांगत होतो," सर म्हणाले. "मॅडमना माहीत असतं, तर त्यांनी मला सही करू दिली नसती."