आमच्या लाईनीची नंदा

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या आठ क्वार्टरच्या लाईनीला नळ एकच होता. पाणी बारीक, बादल्या रांगेत. मग बायका बोलणार नाहीत तर काय करणार! त्या नळावर जमलेले निम्मे किस्से एकट्या नंदाचे. शेजारच्या शेवंतावहिनींची ही मुलगी. डोळे तिरपे, अंग लोण्यासारखं मऊ. बरोबरीची पोरं रांगायला लागली तरी हिने मान धरली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हे जन्मातूनच आलंय, कुणाची चूक नाही. बसणं, चालणं उशिरा येईल. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. पोरीने एकदा आई म्हणावं, एवढंच वहिनींचं मागणं. नंदाचे वडील मारोतीभाऊ कारखान्याच्या रेल्वे यार्डात कामाला. त्यांनी नळावर येऊन जाहीर केलं, "गाडी लेट हाये, कॅन्सल नाही." त्या दिवशी वहिनी पोटभर जेवल्या.

*

मग मालिशचा चार्ज लाईनीने घेतला. पंजाबी बीजींचं सरसोंचं तेल, केरळच्या अम्मांचं खोबरेल, माझं तिळाचं. एका सकाळी तिघींनी एकमेकींना न विचारता आपापला हात फिरवला. वहिनी आंघोळीला घ्यायला गेल्या तर पोर हातात ठरेना.

"पोरगी हाये का मासोळी?" वहिनी म्हणाल्या. नंदा खुदुखुदु हसत होती.

*

गावाहून आलेल्या एका आत्याबाईंनी नाक मुरडलं, की पोरीची जीभ सारखी बाहेर असते. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिची जीभ बाहेर रायते, पन कोनाले लागत नाही." आत्याबाईंनी भाकरीचं ताट पुढे ओढलं.

*

नंदा धरून उभी राहायला लागली, तेव्हा मारोतीभाऊंच्या फिटर-वेल्डर दोस्तांनी पांगुळगाडा करायचं ठरवलं. लाकडाला हात लावतील तर शपथ! लोखंडी अँगलचा गाडा, वर लाल रंग. चौघांनी उचलून आणला. नंदाने जोर लावला, पण गाडा जागचा हलेना.

"मजबूत झाला ना?" वेल्डरने अभिमानाने विचारलं.

शेवटी दोन बायका पुढून ओढायच्या आणि नंदा मागून चालायची. ती चालायला शिकली आणि आमच्या कमरा गेल्या.

*

नाइट शिफ्टवाले दिवसा झोपत, म्हणून दुपारी लाईनीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही, हा कायदा. कोक ओव्हनच्या भट्टीवरचे यादवजी तर ताट वाजलं तरी दार उघडून ओरडत. पोरं त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायची. नंदा चार वर्षांची होत आली होती, पण तोंडून एक शब्द नाही. वहिनी आता आपलं मागणं बोलूनही दाखवत नव्हत्या.

एका दुपारी वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. उंबऱ्यात बसलेली नंदा सगळी ताकद लावून ओरडली, "आई!"

आम्ही सगळ्या दारात आलो. वहिनींनी धावत जाऊन तिला उचललं, आणि सवयीने तिच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात यादवजींचं दार उघडलं. अंगात बनियन, डोळे लालभडक. ते तरातरा अंगणात आले आणि वहिनींसमोर उभे राहिले.

"भाभी, हाथ हटाओ," ते म्हणाले. "और बोलने दो."