हेमांगीताईंचं प्रशस्तिपत्र

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात हेमांगी वैती बावीस वर्षं ऑफिस सांभाळतायत. माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं. आई मासळीबाजारात बसायची, त्यामुळे माणूस खरा की खोटा हे आपल्याला तोंड बघून कळतं, असं त्या सांगतात. मेलला तोंड नसतं, एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

शेजारच्या कारखान्याचे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हापासून ताईंनी ऑफिसची सुरक्षा अंगावर घेतली. कुणी नेमलं नव्हतं. स्क्रीनला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी सापडली की त्या ती डब्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायच्या. मग तो पासवर्ड सगळ्यांनाच पाठ व्हायचा. सेल्समधल्या विनीतने एकदा लकी ड्रॉचा मेल उघडला, तर त्याला आठवडाभर ऐकावं लागलं. एक काम मात्र त्या चोख करायच्या. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून दर गुरुवारी सगळ्या फायलींची कॉपी हार्ड डिस्कवर घ्यायची, वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची.

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी ताईंना मेल आला. 'दक्ष कर्मचारी पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. प्रशस्तिपत्र सोबत जोडले आहे.' पाठवणाऱ्या संस्थेचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण निवड योग्यच वाटली, म्हणून त्यांनी फाईल उघडली.

प्रशस्तिपत्र काही आलं नाही. फायलींची नावं मात्र एकेक करून बदलायला लागली. रंगांच्या फॉर्म्युल्यांचा फोल्डर उघडेना.

कुणाला न सांगता मशीन बंद करावं, असं ताईंना क्षणभर वाटलं, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. पण त्यांनी नेटवर्कची वायर उपटली आणि उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी वायरी काढा. वायफाय पण बंद करा. मी नको तो मेल उघडलाय."

"तुम्ही?" विनीत म्हणाला.

"मीच. हसायचं ते नंतर हस, आधी वायर काढ."

दोन कॉम्प्युटर गेले, नऊ वाचले. स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी आली. मालक हरिहरशेठ घाबरून म्हणाले, "देऊन टाकू, मोकळे होऊ."

"दिल्यावर उघडेलच कशावरून, शेठ?" म्हणत ताईंनी कपाटातली डिस्क काढली. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, कॉम्प्युटरवाल्याने दोन्ही मशीनमधलं सगळं पुसून टाकलं, मगच डिस्क जोडली. गुरुवारपर्यंतचं सगळं परत मिळालं. शनिवारपासूनचं ताईंनी कागदांवरून स्वतः टाईप केलं. विनीत शेजारी बसून वाचून दाखवत होता. तो हसला नाही, म्हणजे फार नाही.

त्यानंतर डब्याच्या वेळचं चिठ्ठीवाचन बंद झालं. आता काही शंका आली की लोक न लाजता ताईंच्या टेबलाशी येतात. परवा विनीतच आला.

"ताई, शेठचा मेल आहे. मीटिंगमध्ये आहेत म्हणे, फोन करू नकोस, एका सप्लायरचा बँक खाते नंबर लगेच बदल."

"शेठ कुठायत?"

"आत केबिनमध्ये. चहा पितायत."

"मग ऊठ आणि जाऊन विचार."

विनीत आत जाऊन आला. शेठनी तसला मेल पाठवलाच नव्हता.