यमाजीचा वरचा सूर

डिंगोऱ्याचा यमाजी तीस वर्षं लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवतोय. वरचा सूर आला की तो ट्रंपेट ओठांवर गच्च दाबायचा. त्यापायी पुढचे दात हलायला लागले, तरी सूर फाटायचाच. शेवटी ओठांना लावायच्या माउथपीसला शिव्या घालून त्यानं नवा आणला.

नव्याची कड ओठाला बोचली, म्हणून आळे गावातल्या एका वरातीत त्यानं तो नुसता टेकवून फुंकला. सूर थेट आभाळात गेला! यमाजी दचकलाच. घाईघाईनं त्यानं जुना माउथपीस लावला आणि तसाच हलका टेकवला. तोच सूर पुन्हा निघाला, एकदम स्वच्छ.

घरी येऊन हलत्या दाताला जीभ लावत तो बायकोला म्हणाला, "नंदे, जुन्या माउथपीसचा काय बी गुन्हा न्हवता गं. माझा हातच वैरी निघाला."