गुरुवारची सलामी

गिरणीवाल्या वहिनींनी मला शेवटचं बजावलं तेव्हा त्यांच्या भुवयांवर भाताचा कोंडा बसला होता. त्यामुळे मला हसू आलं. तिथेच माझं चुकलं.

"हसा भाऊजी, हसा," त्या म्हणाल्या. "या गुरुवारी तुमच्या त्या जाझला मानसं आली तर ठीक. नाय तर शुक्रवारी सकाळी गोदामात भाताची पोती लावनार. रिकाम्या खोलीत तिघं वाजवत बसता. गाव मला हसतंय."

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची भाताची गिरणी आहे. मागच्या लांबट गोदामात दर गुरुवारी दिवेलागणीला आम्ही जाझ वाजवतो. मी शहापुरातला फोटो स्टुडिओवाला, कीबोर्डवर. माझ्याबरोबर मुरबाडकडचा, मिशा रंगवणारा, लग्नाच्या बँडमधला ट्रंपेटवाला आणि बेंजो पार्टीत ड्रम बडवणारा त्याचा मेव्हणा. जाझ म्हणजे काय, ते मी सगळ्यांना सारखंच सांगतो. एक चाल तिघांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने ती मोडून मनासारखी जोडायची, हा त्याचा सोलो, आणि शेवटी सगळ्यांनी मूळ चालीवर परत यायचं. लोक मान डोलावतात आणि गुरुवारी येत नाहीत.

ट्रंपेटवाल्याला एक खोड होती. लग्नाच्या मांडवात मानाचा पाहुणा शिरला की बँडवाले चालू गाणं तिथल्या तिथे सोडून त्याला सलामी वाजवतात. ह्याच्या ओठांना ती सवयच झाली होती. गोदामाच्या दारात चहावाला दिसला तरी सलामी. एकदा तर कुत्र्याला दिली. मी डोळे मिटून सोलोत बुडालेला असायचो आणि एकदम कुणाच्या तरी लग्नात उभा! खूप भांडून मी त्याच्याकडून आईची शपथ घेतली होती, की यापुढे सलामी बंद.

तो गुरुवार उजाडला. शेजारच्या आळीत हळद होती. त्या घराने ट्रंपेटवाल्याचा बँड सोडून डीजे सांगितला होता आणि डीजेचा टेम्पो आटगावच्या पुढे बंद पडला होता.

"पडू दे," ट्रंपेटवाला मिशीत हसत म्हणाला. "आता ऐकतील आमाला."

आम्ही सुरुवात केली. अंगणापलीकडे वहिनी खुर्ची टाकून बसल्या होत्या, शेजारी त्यांचा हमाल उकिडवा. गोदाम रिकामं होतं. पहिली चाल संपली, दुसरी धरली. माझी बोटं घामाने पट्ट्यांवरून घसरू लागली. मग दारात डोकी दिसली, गालांना हळद लागलेली, डीजेची वाट बघून कंटाळलेली. मी दात काढून हसलो. डोकी आत वाकली, पाहिलं, आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांनी तर उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"का जातायत हे?" मी वाजवता वाजवता पुटपुटलो.

ट्रंपेटवाल्याने तोंड जरा बाजूला केलं. "बोलावनं नाय, सलामी नाय. लोकांच्या घरात असं कोन शिरंल?"

"शपथ घेतलीस ना? गप वाजव."

"वाजवतो की. पन म्हातारा चालला बग."

आजोबांनी पाठ फिरवली होती. पलीकडे वहिनी उठल्या आणि हमालाला बोटाने पोती दाखवू लागल्या. मी ट्रंपेटवाल्याला मानेनेच हो म्हटलं.

सलामी अशी फुटली की पत्रे थरथरले. आजोबा दचकले. आपल्यामागे कोण मोठा माणूस आला, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. मग त्यांनी टोपी नीट केली, छाती काढली आणि चारी भिंतींना नमस्कार करत आत आले. पाठोपाठ हळदीच्या बाया, पुरुष, पोरं. दोन ओळी जाझ की एक सलामी. ट्रंपेटवाला दम घेत असताना एक काका नुसतेच आत आले. ते रागाने बाहेर गेले आणि सलामी घेऊन परत आले.

गोदाम भरलं. मी सोलो धरला.

"ह्याचं चुकलं वाटतं," आजोबा मोठ्याने म्हणाले.

"नाय आजा, मुद्दाम करतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात दारात वहिनी उभ्या राहिल्या. सगळ्या माना ट्रंपेटकडे वळल्या. ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट खाली घेतला आणि शांतपणे तोंड पुसलं.

"वाजव रे," मी दातांमधून म्हणालो. "वाजव!"

त्याने वाजवलं नाही.

"काय रे?" वहिनींचा आवाज चढला. "शेंबड्या पोरांना वाजवलंस, आनि माज्या येळेला तोंड दुखलं?"

"तुमाला कशी वाजवू वहिनी? सलामी पावन्यांना. घरच्यांना नाय. हितल्या यजमानीण तुमी."

वहिनींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या गर्दीकडे, मग माझ्याकडे. आणि वळून अंगणात निघून गेल्या.

आम्ही वाजवायचं विसरलो. पुढच्या क्षणी हमाल पाठीवर पोतं घेऊन आत आला आणि त्याने ते भिंतीशी धाडकन टाकलं. मग दुसरं, तिसरं. धूळ उडाली, बाया खोकल्या. म्हणजे बाईंना शुक्रवारपर्यंतही धीर नव्हता! मी खाली वाकून कीबोर्डची वायर उपटली.

"वायर कशाला काढताय भाऊजी?" वहिनी धुळीतून ओरडल्या. "पावने कवाचे उभे हायेत. त्यांना बसायला नको?"

आजोबा सगळ्यात पुढच्या पोत्यावर मांडी घालून बसले. वहिनी मात्र बसल्या नाहीत. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि हमालाला चहाचं सांगू लागल्या. मी वायर परत खोचली.

ती पोती अजून भिंतीला आहेत आणि गुरुवारी त्यांवर माणसं असतात. उशिरा येणाऱ्यांची वहिनी खरडपट्टी काढतात, पण सलामी झाल्यावर. माझा सोलो मात्र आजवर एकदाही सलग झालेला नाही.