पंचावन्न किलो

"ए पंचावन्न, चढ."

काउंटरमागून साहेबांनी मान वर न करताच हाक मारली. मी हातातली बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि काट्यावर चढलो. समोरच्या बाकांवर मुंबईच्या विमानाचे पंधरा-सोळा प्रवासी बसले होते. सगळे बघायला लागले.

तबकडीवरची सुई थरथरली. छप्पन्नावर थांबली.

"काय रे, किलोभर वाढलास?" साहेब म्हणाले. "वस्तीत कुणाचं जनावर मेलं होतं का काल?"

हशा पिकला. सगळेच हसले असं नाही. एक सफारीवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. एक बाई मायेने म्हणाल्या, "अहो, बारीकच आहे तो, खाऊ दे की." ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्या आज्याने मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. बापाने धम्म घेतला होता. ते मांस मी आयुष्यात डोळ्यांनीसुद्धा बघितलेलं नव्हतं. पण काट्यावर उभ्या असलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं? मी खाली उतरलो. साहेबांनी तबकडीमागचा स्क्रू थोडा पिळला आणि मला परत चढवलं. पंचावन्न.

"आता बरोबर," ते म्हणाले.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. नाशिकबाहेरच्या माळावरच्या धावपट्टीवरून एका कंपनीचं छोटं विमान मुंबईला जायचं. विमान इतकं लहान, की बॅगांचंच काय, प्रत्येक माणसाचंही वजन करून कागदावर लिहावं लागे. तो कागद कॅप्टनकडे जायचा. बेरीज बघून तो ठरवायचा, असंच उडायचं की काही उतरवायचं. मी तिथे रोजंदारीवर होतो. सामान काट्यावर ठेवायचं, आकडा मोठ्याने बोलायचा, सामान विमानात चढवायचं. आकडे साहेब लिहायचे. शेवटी 'वजन करणारा' या रकान्यात सही मात्र माझी. मॅट्रिक झालो होतो ना.

काटा रोज तपासायचा नियम होता. त्यासाठी वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आली होती. सुरुवातीला मीच ती मागच्या खोलीतून उचलून आणायचो. एक दिवस साहेबांनी गंमत म्हणून मला काट्यावर चढवलं. पंचावन्न भरलो. दुसऱ्या दिवशीही पंचावन्न. साहेब खूश. "चालतंबोलतं वजन मिळालं," म्हणाले. खोलीला कुलूप लागलं आणि माझं नाव पंचावन्न झालं. हजेरीपटावर माझं खरं नाव होतं. वर्षभरात त्यांनी ते एकदाही तोंडातून काढलं नाही.

आणि मी काय केलं? आता सांगायलाही लाज वाटते. मी पंचावन्नच राहायला लागलो. विमान उडेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. तहान लागली तरी पाणी घोटभरच. आपल्यामुळे सुई हलायला नको, आपल्यावर कुणी हसायला नको. माझं सगळं लक्ष तिथेच लागलेलं.

माझा बाप विंचूरला कांद्याच्या मार्केटात हमाल होता. लहानपणी मी त्याच्याबरोबर गेलो, की तो बजावायचा, "काट्याकडं बघायचं नाय. आपुन गोणी उचलायची. आकडा बोलनारा बोलंल." मला ही नोकरी लागली तेव्हा त्याने गल्लीभर सांगितलं, "आता आमचं पोरगं आकडा बोलतंय." ज्या काट्याचा आकडा मी बोलतो, त्याच काट्यावर मला रोज चढवतात, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. तो मरेपर्यंत नाही.

मग माझं लग्न झालं. सुमन एकलहऱ्याची. तिचे वडील वीज केंद्रात कामाला. घरात सगळे पोटभर जेवणारे. पहिले पंधरा दिवस डबा अर्धा परत आलेला तिने बघितला आणि सोळाव्या दिवशी विचारलं, "अहो, चव नाही का माझ्या हाताला?"

मी खरं ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या हातचं जेवण तुम्हाला तिथं लपवावं लागतं?"

मी चुलीत लाकूड पुढे सारलं.

"मी नाही कमी करणार," ती म्हणाली. "पोटभर जेवायचं. काय हसायचं ते हसू देत."

मी जेवायला लागलो. भाकरी, बोंबलाची चटणी, कधी अंडं. अंगाला लागायला लागलं. तेव्हाच तो छप्पन्नचा दिवस आला, जनावराचा. त्यानंतर साहेबांना थट्टेचा कंटाळा आला असावा. काटाच ढिला झालाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. सुई पुढे गेली की ते स्क्रू पिळायचे. रिकामा असताना सुई शून्याच्या खिळ्याला टेकून राहायची, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचं नाही. माणूस वाढू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

एका रविवारी सुमनला घेऊन नाशिकरोड स्टेशनवर गेलो होतो. तिथे नाणं टाकायचं वजनाचं यंत्र होतं. लाल-पिवळे दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. तिने हौसेने मला वर चढवलं. तिकिटावर छापलं होतं, अठ्ठावन्न. सुमन हसली. टाळी वाजवली तिने.

मी मात्र हिशेब करत उभा राहिलो. अठ्ठावन्नचा माणूस आमच्या काट्यावर पंचावन्न. म्हणजे काट्यावर जे जे ठेवू त्यातले तीन किलो गायब. पंधरा माणसं. त्यांच्या पंधरा बॅगा. तीस वेळा तीन. कागदावर नसलेला दीड माणूस रोज त्या विमानात बसत होता. खाली सही माझी होती.

सोमवारी मी सांगायला गेलो. काउंटरपर्यंत गेलो. साहेबांनी विचारलं, "काय रे पंचावन्न?" काय सांगणार होतो मी? की साहेब, मी जाड झालोय? मग ते काय बोलतील, ते मला शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं. "काही नाही," म्हणालो आणि परत फिरलो. तिकीट खिशातच राहिलं.

त्यानंतर मी विमान उडताना बघायचो. आधी कधी बघत नव्हतो. ऊन वाढत चाललं होतं. कॅप्टन एकदा बोलता बोलता म्हणाले होते, की उन्हाळ्यात हवा पातळ होते, विमान लवकर उचलत नाही. पूर्वी ते धावपट्टीच्या मध्यावर उचलायचं. आता मध्य मागे पडायचा, तरी चाकं जमिनीवरच. शेवटी तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे मेंढरं चरायची. रोज मेंढरं जरा जास्त बिथरायची. मेंढपाळाने एक दिवस कळपच हलवला. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं. कागदाला कळलं नव्हतं. घरी ताटात अर्धं टाकून उठायचो. सुमन विचारायची, मी उन्हाचं कारण सांगायचो. भीती वाटायची, पण साहेबांच्या त्या एका वाक्याची भीती अजून मोठी होती. असा होतो मी तेव्हा.

मग मे महिन्यातला तो दिवस आला. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापलेली. विमान भरलेलं, एक जागा रिकामी नाही. एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन काट्यावर चढल्या. मुलाने तबकडीकडे हात केला, तशी सुई थांबेना. "एक्कावन्न," मी बोललो. साहेबांनी लिहिलं. चौपन्न, मी मनात म्हणालो.

त्यांच्यामागे एक शेठ होते, लग्नाला निघालेले. त्यांची लांबलचक स्टीलची ट्रंक काट्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. आत चांदीची भांडी. "सत्तावीस," मी बोललो.

साहेब म्हणाले, "शेठ, नियमाच्या बाहेर आहे. जादा पैसे भरावे लागतील. शिवाय मापातही बसत नाही ही."

"दुकानात मोजून आणलीय मी. चोवीस भरली," शेठ तडकले. "तुमचा काटा खोटा आहे."

"काटा चोख आहे."

"कशावरून?"

वाद चढत गेला. शेठ कुणाकुणाची नावं घ्यायला लागले, वर तक्रार करीन म्हणाले. साहेबांचे कान लाल झाले. पैसे सोडायला ते तयार होते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ट्रंक तशीच आत जाणार होती. फक्त सगळ्यांसमोर काट्याला खोटं म्हटलेलं त्यांना सोसत नव्हतं.

"बघा, आत्ता दाखवतो," ते म्हणाले. "रोज तपासतो आम्ही. ए पंचावन्न, चढ."

मी ट्रंक उतरवली. सवयीने एक चप्पल काढलीसुद्धा. त्या बाईंच्या कडेवरचं मूल माझ्याकडे बघत होतं.

मी चप्पल परत पायात घातली.

"मी नाही चढणार," म्हणालो. "वजनं खोलीत आहेत. ती काढा."

"काय म्हणालास?"

"वजनं खोलीत आहेत. मी माणूस आहे. तीन किलो वाढलोय. तुम्ही काट्याला तीन किलो मागे ओढलंत. शेठ म्हणतात ते बरोबर आहे, काटा खोटा आहे. पण ही ट्रंक तीस किलो आहे."

  साहेब हळू आवाजात म्हणाले, "तोंड आवर. तुझी लायकी काय, बोलतोस काय?" मी खिशातून स्टेशनचं तिकीट काढून काउंटरवर ठेवलं. घामाने त्याचा पुठ्ठा मऊ झाला होता.

दारात कॅप्टन उभे होते. वाद ऐकून आले असावेत. त्यांनी तिकीट उचललं, वाचलं, आणि वजनं आणायला सांगितलं. साहेब म्हणाले, किल्ली सापडत नाही. कॅप्टन हिंदीत एवढंच म्हणाले, "ताला तोडो."

कुलूप मी तोडलं. वीस किलोचं वजन मीच उचलून आणलं. काट्यावर ठेवलं.

सतरा.

  कॅप्टननी माझ्याकडे बघून विचारलं, "कितने दिन से?"

"दोन महिने," मी म्हणालो.

त्यांनी कागद मागितला. उभ्याउभ्याच त्यावर तीस वेळा तीन केलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी शाबासकी दिली नाही. द्यायचं कारणही नव्हतं. कळल्यावरही मी गप्प होतो आणि त्या विमानात रोज तेच बसत होते. सगळ्यांची वजनं परत झाली. शेठची ट्रंक खाली राहिली आणि शेठही चिडून खालीच राहिले. विमान मध्याच्या जरा पुढे उचललं. मी मेंढरं नसलेल्या माळाकडे बघत राहिलो. 

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. काट्याच्या स्क्रूशी मी छेडछाड केली, असं त्यावर लिहिलेलं. पुराव्याला जुने कागद जोडले होते. प्रत्येकावर माझी सही.

"सही कर आणि गपगुमान जा," साहेब म्हणाले. "नाही केलीस तर पोलिसात देईन. तुमच्या लोकांचं कोण ऐकतं तिथे, तुला माहितीय."

मला माहीत होतं. म्हणून मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसलो. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. वजनं कुलपात कधी गेली, स्क्रू कोणी पिळला, जनावराचं वाक्य जसंच्या तसं. सोमवारी काउंटरपर्यंत जाऊन मी परत फिरलो, तेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. साहेब बघत राहिले. त्याची नक्कल मी कॅप्टनच्या नावाने पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. पोलीसही आले नाहीत. नोकरी गेली.

सुमनला सगळं सांगितलं. तिला दिवस गेले होते. मग तिने ताट वाढलं. नेहमीएवढंच.

महिन्याभराने कळलं. कंपनीचा माणूस येऊन काटा नीट करून गेला होता. खोलीला नवं कुलूप बसलं होतं. साहेब तिथेच होते आणि आता ते झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याला काट्यावर चढवत होते. तो एकोणपन्नास भरतो. त्याला हाक मारतात, ए एकोणपन्नास.

मी त्याच्या घरी गेलो. त्याचं नाव विचारलं. त्याने आधी इकडे-तिकडे बघितलं, मग सांगितलं, तेही हळूच. लक्ष्मण. मी म्हणालो, "लक्ष्मणबाबा, उद्या चढू नका."

"लय वय झालं बाबा माझं," तो म्हणाला. "दुसरं काम कोन देनार मला? तू जवान हायेस, तुझं निभलं."

त्याचं चुकत नव्हतं. मीही वर्षभर चढलोच होतो. त्याच्या वाट्याचं 'नाही' मी म्हणू शकत नव्हतो. पण ओरडू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी वजनाच्या वेळेला मी फाटकावर जाऊन उभा राहिलो. आत हाक गेली, "ए एकोणपन्नास." मी बाहेरून सगळा जीव एकवटून ओरडलो, "त्यांचं नाव लक्ष्मणबाबा आहे. वजनं मागच्या खोलीत आहेत."

बाकांवरच्या माना वळल्या. चौकीदाराने मला ढकलून रस्त्यावर काढलं. मी कपडे झटकले आणि वेळ बघून ठेवली. उद्याही हाक याच वेळेला जाणार होती, आणि मी फाटकावर असणार होतो.