वाईट नाचणाऱ्या आवटे बाई

आवटे बाईंइतकं वाईट नाचणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, अभिमानानं सांगतो. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं नोकरी केली, आणि आमच्या त्या पंचक्रोशीतल्या निम्म्या बायका आज चारचौघांत नाचतात त्या या बाईंमुळे.

डी.एड. होऊन मी महाळुंगे पडवळच्या बाजूच्या एका वाडीवरच्या शाळेत रुजू झालो, ते नव्वदीच्या दशकाचे मधले दिवस. फाट्यावर एस.टी.तून उतरलो आणि कांद्याच्या वाफ्यांमधून चालत निघालो, तर शाळा दिसायच्या आधी टेपचा आवाज आला आणि त्याच्यावर पोरांच्या हसण्याचा. व्हरांड्यात पन्नाशीला टेकलेल्या, चांगल्या अंगापिंडाच्या एक बाई पदर कमरेला खोचून नाचत होत्या. उजवा हात वर गेला होता आणि डाव्याला कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. गाणं पुढं, बाई मागं. समोर तीस-चाळीस पोरं पोट धरून हसत होती. मला पाहून त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"नवे गुरुजी का? या, या. पिशवी ठेवा, चपला काढा आणि उभे राहा रांगेत."

त्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

आता मला स्वतःबद्दल थोडं सांगायला हवं. कॉलेजात मला नाचाचं पहिलं बक्षीस मिळालेलं होतं, आणि ते मी फारच मनावर घेतलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना सुचवलं की, गॅदरिंगचा नाच या वर्षी मी बसवतो. बाई लगेच हो म्हणाल्या. मी पोरींसमोर अगदी नीट, ताल सांभाळून, गिरकीबिरकी घेऊन एक नाच करून दाखवला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "चला, आता तुम्ही." एकही उठली नाही. सगळ्या खाली माना घालून फरशीवर बोटानं रेघा ओढत बसल्या.

मग बाई उठल्या. दोन मिनिटं त्यांनी हातपाय हलवले. पोरी आधी हसल्या, मग एक म्हणाली, "बाई, असं न्हाई वो, असं," आणि दाखवायला म्हणून उभी राहिली. तिच्या मागं दुसरी उभी राहिली. घटकाभरात व्हरांडा पुरेना.

"गुरुजी, चांगला नाच बघितला की माणूस टाळ्या वाजवतो," बाई घाम पुसत मला म्हणाल्या. "वाईट बघितला की उठतो. तुमी टाळ्यांचं बघा, मी उठायचं बघते."

माझी जिरली, पण मी शहाणा झालो. पुढची नऊ वर्षं टेप लावायचं आणि कॅसेट पेनानं गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं.

नाचायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला बाई विचारायच्या, "का गं, तुला का नाचायचंय?" आणि खरं उत्तर मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. "आवडतं" हे उत्तर चालायचं नाही. "अजून नाचलीच न्हाईस, तर आवडतं कशावरनं?" मग हळूहळू खरं बाहेर यायचं. एकीला पायात घुंगरू घालायचे होते. एकीला शेंगा तोडायला जायचं नव्हतं. एकीच्या शेजारणीचा फोटो मागच्या वर्षी निघाला होता आणि हिचा निघाला नव्हता. एक तर म्हणाली, "माझी आय म्हनती तुला जमायचं न्हाई, म्हनून." बाई सगळ्यांना घ्यायच्या. या शेवटच्या पोरीला तर पहिल्या रांगेत घेतलं. "कारण कसलं का आसंना," त्या म्हणायच्या, "पाय एकदा हालला की माणूस कारण इसरतं."

त्यांचा डावा गुडघा अधू होता. एकदा एस.टी.तून उतरताना पडल्या होत्या, तेव्हापासून तो पाय उचलताना त्या किंचित थांबायच्या. एका वर्षी घोडेगावला तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या सोळा पोरी उतरल्या, आणि सोळाच्या सोळा पोरी डावा पाय उचलताना किंचित थांबल्या. मी रोज समोर बसून कॅसेट लावत होतो, पण माझ्याही ते लक्षात आलेलं नव्हतं. शहरातून आलेले परीक्षक भारी खूश झाले. बाईंना बोलावून म्हणाले, "हा पाय थबकवण्याचा प्रकार फार वेगळा आहे. कुठला म्हणायचा हा?"

मी बाईंना कोपरानं ढोसलं. म्हटलं, सांगा काहीतरी, म्हणा इकडचा जुना आहे. बाई सरळ म्हणाल्या, "प्रकारबिकार काय न्हाई साहेब. माझा गुडघा हाय तो."

आमचा नंबर गेला. परतीच्या टेम्पोत पोरी रडायला लागल्या, तर बाईच एवढ्या हसल्या की पोरींनाही हसू आवरेना. मी मात्र घुश्शात होतो. मंचर आलं तेव्हा मला म्हणाल्या, "गुरुजी, खोट्यानं मिळालेला कप मी कपाटात कुठं ठिवू?" त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, नंतर तो वाढतच गेला.

एवढ्या हसऱ्या बाईंना एक गोष्ट मात्र सलत होती. पोरी सातवीपर्यंत नाचायच्या, मग लग्न व्हायचं आणि संपलं. वाडीतल्याच काही पोरी वाडीतच सुना होऊन राहिल्या होत्या. त्यांतली अलका सातवीत असताना अख्ख्या केंद्रात नाव काढून होती. आता शाळा समितीचे अध्यक्ष नाना यांची ती सून होती, आणि गॅदरिंगला पदराचं टोक दातांत धरून मागं बसायची. "एवढ्या पोरी नाचवल्या मी गुरुजी, पन डोक्यावर पदर आला की पाय बांधल्यागत होतात त्यांचे," बाई म्हणायच्या. "रिटायर व्हायच्या आत या बाया येकदा नाचताना बघायच्या हायेत मला. बाकी मला काय नको."

दर वर्षी मुलांचा कार्यक्रम संपला की त्या माइकवर यायच्या. "आता आयांनी पुढं यावं." आया खुसुखुसू हसायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. बाई खाली उतरून अलकापाशी जायच्या, तिचा हात धरायच्या. ती पुढच्या सतरंजीकडे डोळ्यांनी खुणावून हळूच म्हणायची, "बाई, सासूबाई बसल्यात." पुढच्या सतरंजीवर सगळ्या सासवा बसलेल्या असायच्या. सासू बसलेली असताना सून नाचणार, हे आमच्याकडे कुणी मनातसुद्धा आणलं नसतं.

नानांच्या कानावर हे जात होतंच. बाईंच्या शेवटच्या वर्षी ते ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, पोरांचं काय ते करा. पन बायांचा नाच या शाळंत न्हाई. नारायणगाव काय लांब न्हाई, तमाशाचा फड बघायचा त्यो तिथं जाऊन बघू आमी."

मला राग आला. बाईंनी फक्त विचारलं, "आन मी नाचले तर चालंल का, नाना?"

"तुमी तर नाचताच की वो!" नाना हसले. त्यांच्या लेखी बाईंचं नाचणं नाचण्यात जमाच नव्हतं.

त्या वर्षी उसात बिबट्या दिसला होता, म्हणून गॅदरिंग संध्याकाळी न ठेवता दुपारी तीनला ठेवलं. पोरांचे नाच झाले. बाई माइकवर आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "फुगडीच्या चालीचं लावा कायतरी," आणि स्टेजवरून उतरून थेट सासवांच्या सतरंजीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आणि नाचल्या. मी त्यांचे नऊ वर्षांचे नाच पाहिलेले होते, पण इतका वाईट नाच त्यांनाही पूर्वी कधी जमला नव्हता. हात भलतीकडे, पाय भलतीकडे, गाण्याशी तर उभा दावा. माणसं हसून लोळत होती. स्टेजजवळ टेपपाशी बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोपाच्या वर्षी बाईंनी असं हसं करून घ्यावं?

पहिल्याच रांगेत नानांची आई, म्हणजे अलकाची आजेसासू, धोंडाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, तोंडाच्या फटकळ. थोडा वेळ त्या हसल्या, मग त्यांना ते बघवेना.

"आगं माजे बाई, काय गं ह्ये! फुगडी तरी येती का तुला?"

"न्हाई येत, मावशी," बाई नाचता नाचता म्हणाल्या.

"सर बाजूला! एवढ्या मोठ्या मास्तरीणबाई आन फुगडी येईना!" धोंडाबाई उठल्या. लुगड्याचा काष्टा त्यांनी घट्ट केला, हात पुढं केले आणि बाईंना म्हणाल्या, "ये, धर."

"माझा गुडघा न्हाई वो चालायचा, मावशी."

फुगडी एकटीनं घालता येत नाही. म्हातारी हात पुढं करून मांडवात उभी, आणि सगळा गाव तिच्याकडे बघतोय. आता खाली बसायचं म्हणजे नामुष्की. त्यांनी मान वळवली आणि मागं ओरडल्या, "आलके! बघती काय बसून? ये हिकडं, धर हात!"

अलका धावतच आली. ती कशी फिरली म्हणून सांगू! पदर खांद्यावर आला, बांगड्या वाजल्या, आणि ती सत्तरीची म्हातारी तिच्या बरोबरीनं फिरली. नाना तरातरा माझ्याकडे आले आणि त्यांनी टेपच्या बटणाला हात घातला.

"नान्या!" फिरता फिरता धोंडाबाई गरजल्या. "हात लावशील त्याला तर बघ! वाढीव आवाज!"

अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं आवाज वाढवला. आजेसासूनंच नातसुनेला बोलावल्यावर बाकीच्या सासवा काय मागं राहतात? पाच मिनिटांत मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाई मात्र बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"इतकी वर्षं मी सुनांचे हात वढत बसले, गुरुजी," त्या म्हणाल्या. "उठवायची व्हती सासू."

त्यानंतर ती वाडी थांबलीच नाही. मी तिथं होतो तोवर दर वर्षी गॅदरिंगला आयांचा नाच झाला, आणि नानाच माइकवरून त्याची घोषणा करायचे. मग आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकाही आपापल्या शाळेत उठू लागल्या.

बाई निवृत्त झाल्यावर मी कळंबला त्यांच्या घरी गेलो होतो. घरात मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. डोक्यावरून पदर, आवाज खाली, चालणं भिंतीच्या कडेनं. शाळेतल्या बाई त्या याच का, असा मला प्रश्न पडला. ओसरीवर खाटेवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान तिखट होते. मी शाळेतला म्हटल्यावर त्यांनी जवळ बसवून घेतलं.

"समद्या वाडीला नाचवलं म्हनं हिनं?"

"हो आजी. सुनांना, सासवांना, सगळ्यांना."

म्हातारी आत तोंड करून म्हणाली, "शकुंतले, लोकाच्या सासवा उठवल्यास. मला न्हाई गं कधी दावलंस."

बाई चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबल्या. पस्तीस वर्षांची नोकरी आणि त्याहून जुना संसार. "तुमी बसल्यावर मी कशी नाचणार, आत्या?"

"आगं, मी काय धरून ठिवलं व्हतं तुला? तू इचारलंस का कधी?"

बाईंनी विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही. शेकडो बायकांचे पाय मोकळे करणारी ही बाई स्वतःच्या उंबऱ्याआड इतकी वर्षं हात बांधून राहिली होती, आणि त्या गाठीचं दुसरं टोक कुणीच धरलेलं नव्हतं. मी चहा घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो, परक्या पुरुषाची अडचण नको म्हणून.

मागं बांगड्यांचा आवाज झाला, बाईंनी पदर खोचला असावा. सासूबाईंनी खाटेच्या लाकडावर हातानं ठेका धरला आणि ओसरीवर पावलं वाजू लागली. नऊ वर्षं ऐकलेली ती पावलं मी कुठंही ओळखली असती. एकही ठेक्यावर पडत नव्हतं.

बाई आता नाहीत. त्यांच्या सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या. पण त्या दुपारी दम लागून बाई थांबल्या, तेव्हा म्हातारीचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "आजून येकदा."